त्याचा कान, माझा डोळा

दगड लागला तेव्हा माझा एक हात घंटीच्या दोरीवर होता आणि दुसऱ्या हातात तिकिटांचा ट्रे. मी एसटीत कंडक्टर होते. नवं शतक लागून दोन-चार वर्षं झाली होती आणि आमच्या डेपोत बायका कंडक्टर तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. गाडी मालेगावहून नाशिकला चालली होती. कांद्याचे भाव पडले होते, चांदवडच्या अलीकडे हायवे अडवला होता. सकाळभर सगळं शांततेत चाललं होतं म्हणे. आम्ही पोचलो तेव्हा टायर पेटले होते, रस्ताभर कांदे चिरडले होते आणि काळ्या धुरातून माणसं इकडून तिकडे धावत होती.

आमचा ड्रायव्हर सटाण्याकडचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायची. त्याने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली आणि मी दारात उभी राहून त्याला मागचा अंदाज सांगू लागले. पहिल्या दगडाने समोरची काच फुटली. दुसरा एका म्हाताऱ्या बाबांच्या खांद्यावर बसला. बायका पोरांना घेऊन सीटांखाली शिरल्या. तिसरा दाराची काच फोडून आत आला, तो माझ्या उजव्या डोळ्यावर.

दुखलं नंतर. आधी गालावरून काहीतरी गरम आणि दाट ओघळलं. मी हात लावला, तर बोटांना लागलं ते रक्तापेक्षा घट्ट होतं. ते काय आहे हे मला कळलं. मी ओरडले नाही. खाली बसले आणि सांडलेली तिकिटं गोळा करू लागले. रक्ताने ती एकमेकांना चिकटत होती आणि मी ती सुटी करत होते. दादाने गाडी तशीच शेतातल्या कच्च्या रस्त्याने घातली. मागच्या काचांवर दगड पडतच होते.

त्या धुरात मला एक माणूस दिसला होता. हात उगारलेला, अंगात पांढरा सदरा, तोंडाला रुमाल. चेहरा दिसला नव्हता. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा मी हे स्पष्ट सांगितलं होतं. पुढच्या चार महिन्यांत मी स्वतःच ते विसरून गेले.

नाशिकला आणल्यावर डोळा काढावा लागला. घरी आम्ही दोघीच, आई आणि मी. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. आई एका मिशन दवाखान्यात तीस वर्षं आया होती, मी नोकरीला लागले त्या वर्षी ती निवृत्त झाली. शरणपूरच्या बाजूला ख्रिस्ती वस्तीत आमच्या दोन खोल्या होत्या, पुढे लहानसं अंगण आणि अंगणात नळ. माझं लग्न ठरलं होतं. मुलगा संगमनेरकडचा, शाळेत शिक्षक. तो एकदा दवाखान्यात येऊन गेला, स्टुलावर बसला, सगळा वेळ माझ्या पायांकडे बघत राहिला. नंतर चर्चच्या पाळकसाहेबांच्या हाती निरोप आला, की मुलाच्या आईची तब्येत बरी नाही, तेव्हा लग्न जरा पुढे ढकलू या. त्यानंतर निरोप आला नाही.

चर्चच्या मंडळीतली माणसं भेटायला यायची. संत्री आणायची, प्रार्थना करायची आणि निघताना दारात आईला हळूच म्हणायची, बिचारी. पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा मला तिडीक आली. महिन्याभरात मी त्याची वाट बघायला लागले. कोणी आलं की मी पट्टी थोडी सैल करायची, मान खाली घालायची, प्रश्नाचं उत्तर उशिरा द्यायची. समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आलं की मला बरं वाटायचं. आणि माणसं गेली की मी घरावर तुटून पडायची. आरसा मी फोडला. ताटं भिरकावली. एकदा आईने भाजीत मीठ जास्त घातलं म्हणून मी स्टीलचा पेला तिच्यावर फेकला. एका डोळ्याने अंतर कळत नाही असं डॉक्टर म्हणाले होते. त्या दिवशी मात्र नेम बरोबर बसला. आईची भुवई फाटली. तिने नळाखाली धुतली, हळद दाबली, वर पट्टी चिकटवली आणि माझ्यापुढे दुसरं ताट वाढलं.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "रडायचं तर प्रभूसमोर रड. आरशासमोर रडून काय मिळणार आहे?"

मी म्हटलं, आरसा आता आहे कुठे?

ती हसली नाही. मला हसू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही.

मी प्रभूसमोर बसू लागले, पण रडायला नाही. रोज पहाटे गुडघे टेकून मी एकच मागायची: ज्याने दगड मारला त्याचे दोन्ही डोळे जाऊ देत. एक नव्हे, दोन्ही. त्याने चाचपडत फिरावं, भिंतींवर आपटावं, त्याच्या पोरांनी त्याला हाताला धरून संडासला न्यावं. हे सगळं मी हात जोडून, शेवटी आमेन म्हणून मागायची. आई शेजारी गुडघे टेकून असायची. तिला वाटायचं मी सावरते आहे.

चौथ्या महिन्यात एका दुपारी घरासमोर जीप थांबली. आई मंडळीतल्या बायकांच्या सभेला गेली होती. मी अंगणात कपडे धूत होते. जीपमधून दादा उतरला, मागून त्याचा भाऊ आणि मेव्हणा. त्या दोघांनी एका माणसाला काखेत धरून खाली ओढलं. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, काटकुळा, अंगातला सदरा फाटलेला. त्याला आधीच बराच मार बसला होता. ओठ सुजले होते, नाकाखाली रक्त वाळलं होतं, एका पायात चप्पल नव्हती. त्यांनी त्याला आणून नळाच्या फरशीवर टाकलं, माझ्या साबणाच्या पाण्यात.

दादा एरवी माझ्याशी शुद्ध बोलायचा, पण चिडला की गावची अहिराणी तोंडात यायची. म्हणाला, "ताई, हाऊच शे तो. मार त्याले."

चांदवडच्या बाजारात हा माणूस सापडला, एवढंच त्याने सांगितलं. मी पुढे काही विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं. चार महिने रोज पहाटे मी ज्याची मागणी करत होते तो माझ्या पायाशी पडला होता. मला वाटलं, ऐकलं देवाने. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला होता आणि मी मनात देवाचे आभार मानले होते.

माझ्या हातात धुणं बडवायचं धोपाटणं होतं. बाभळीचं, जड, पाणी पिऊन आणखी जड झालेलं. तो माणूस हात जोडून म्हणत होता, "बाई, मी नाय. आईशप्पत मी नव्हतो तिथं." त्याच्या जोडलेल्या हातांवरच मी पहिला घाव घातला. हात खाली पडले. दुसरा डाव्या कानावर बसला, तेव्हा तो आडवा झाला आणि कानाला धरून लहान पोरासारखा कुईकुई करू लागला. त्या आवाजाने मी थांबायला हवं होतं. मला त्या आवाजाने चेव आला. तिसरा मी नेम धरून मारला, उजव्या डोळ्यावर. तो चुकला. भुवईवर बसला, कातडी उलली आणि त्याचा अर्धा चेहरा लाल झाला. मी चौथा उगारला. दादाचा मेव्हणा मागे सरकला होता, त्याचा चेहरा उतरला होता. मला ते दिसत होतं. मला सगळं लख्ख दिसत होतं, कितीतरी महिन्यांनी.

चौथाही मी मारला. तो खांद्यावर बसला.

पाचव्याला माझं मनगट कोणीतरी धरलं. आई होती. तिने ओरडा केला नाही. म्हणाली, "बास." माझ्या हातातून धोपाटणं काढून घेतलं, पदर कमरेला खोचला आणि त्या साबणाच्या नि रक्ताच्या पाण्यात खाली बसली. वॉर्डात बसायची तशी. त्याचं डोकं मांडीवर घेतलं, अंगठ्याने पापणी वर केली, उजेडाकडे वळवून बघितलं.

"डोळा शाबूत आहे," ती म्हणाली. मग त्याला विचारलं, त्या दिवशी तू कुठे होतास?

तो म्हणाला, पिंपळगावला, द्राक्षाच्या बागेत कामाला. पंधरा दिवस तिथेच होतो. मालकाला विचारा.

आईने दादाकडे बघितलं. तुम्ही याला दगड मारताना पाहिलंत का, असं तिने त्याला विचारलं. दादा म्हणाला, बाजारात हा चहाच्या टपरीवर फुशारकी मारत होता, बस फोडली म्हणून, असं एकाने सांगितलं. आणि अंगात पांढरा सदरा होता.

"अर्ध्या तालुक्याच्या अंगात पांढरा सदरा असतो," आई म्हणाली.

तेव्हा मला जबाब आठवला. चेहरा दिसला नव्हता. मी माझ्या तोंडाने पोलिसांना सांगितलं होतं. आणि लगेच, त्याच क्षणी, माझ्या तोंडातून निघालं, "आई, माझा डोळा गेलाय गं." जणू त्यात सगळ्याचं उत्तर होतं. आईने वर बघितलं. तिच्या भुवईवर मी फेकलेल्या पेल्याची खूण होती आणि मांडीवर त्या माणसाची फुटलेली भुवई. ती म्हणाली, "हो, गेलाय. आता रिक्षा बोलव."

दादाने जीप देऊ केली, आईने नको म्हटलं. रिक्षात ती एका बाजूला आणि मी एका बाजूला, मध्ये तो. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर पडत होतं, रक्त माझ्या साडीत उतरत होतं आणि तो माझ्यापासून दूर सरकायचा प्रयत्न करत होता. मला हात लावायलाही तो घाबरत होता. सगळ्या रस्त्याने मी एवढंच बघत आले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं कसं झालं. मी म्हटलं, मी मारलं. तो म्हणाला, सायकलवरून पडलो. चौकीच्या हवालदाराने वही उघडली होती, ती त्याने मिटली. म्हणाला, हा म्हणतो पडलो, तुम्ही म्हणता मारलं, मी कोणाचं लिहू? मी पुन्हा सांगितलं. त्या माणसाने हवालदाराचे पाय धरले आणि पडलो, साहेब, पडलो म्हणून गयावया करू लागला. पोलिसात नाव गेलं तर आपल्यालाच बस फोडल्याच्या गुन्ह्यात अडकवतील असं त्याला वाटत होतं. तो निर्दोष होता, बागेच्या मालकाने पुढे तसं सांगितलंही, आणि माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरलेला होता. भुवईला सात टाके पडले. कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टर म्हणाले, ऐकू येईल की नाही आत्ता सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गुडघे टेकले. चार महिने जे मागितलं ते मी स्वतःच्या हाताने द्यायला निघाले होते. मी कपाळ फरशीवर टेकवलं आणि तशीच पडून राहिले. दगड लागल्यापासून पहिल्यांदाच मी माझ्यासाठी रडत नव्हते. सारखी त्याची ती कुईकुई ऐकू येत होती. पाप कबूल करण्याची प्रार्थना मी लहानपणापासून दर रविवारी सगळ्यांबरोबर म्हणत आले होते. त्या पहाटे ती एकटीने म्हटली आणि मध्येच थांबले, कारण पुढे सरकायचं तर आधी त्याच्या दारात जायला हवं होतं.

आई म्हणाली, मी बरोबर येते. मी म्हटलं नको. पट्टी सुटल्यापासून बाहेर जाताना मी काळा चष्मा लावायची. तिने फक्त एक सांगितलं. "काळा चष्मा काढू नकोस."

मी विचारलं का. ती म्हणाली, "तुझं तुलाच कळेल."

दवाखान्याच्या कागदावरून पत्ता घेऊन तीन आठवड्यांनी मी एसटीने त्याच्या गावी गेले. दगडानंतर पहिल्यांदाच गाडीत पाय ठेवला होता. दाराशेजारची सीट रिकामी होती, पण मी मागे जाऊन बसले. प्रत्येक वळणाला माझा हात आपोआप तोंडाकडे जात होता. गावात उतरले, घर विचारलं. पत्र्याचं घर, पुढे कांदा साठवायची चाळ, तीही अर्धी रिकामी. तो ओट्यावर बसला होता, कानावर पट्टी. मला बघून तो उठला आणि आत गेला. त्याची बायको बाहेर आली. विशीतली पोरगी, कडेवर बाळ. तिने विचारलं, कोण तुम्ही?

मी सांगितलं, ज्या बाईने तुमच्या मालकाला मारलं ती मी. मी चुकले. माफी मागायला आले आहे.

तिने बाळ ओट्यावर ठेवलं. पायातली चप्पल काढली आणि माझ्या तोंडावर मारली. डाव्या गालावर, मग उजव्या. तिसरी मारताना तिने केस धरून माझं डोकं खाली ओढलं आणि मानेवर, पाठीवर बडवत राहिली. बडवता बडवता ती बोलत होती. त्याला एका बाजूने ऐकायला येत नाय. रात्री बाळ रडलं तर तो उठत नाय. त्याला चक्कर येते, बागेत शिडीवर कोणी चढवत नाय. आम्ही तुझं काय घोडं मारलं होतं गं बाई? आजूबाजूची माणसं जमली. कोणी सोडवायला आलं नाही आणि त्यांचं बरोबर होतं.

चष्मा वाकला होता, एका कानावर लोंबत होता. एका झटक्यात मी तो काढू शकले असते. ती खोबण बघितली असती तर त्या पोरीचा हात तिथेच थांबला असता. बायका 'अगं बाई' म्हणाल्या असत्या, कोणीतरी पाणी आणलं असतं, आणि दोन मिनिटांत त्या अंगणात सगळ्यात दुःखी मी झाले असते. माझा हात चष्म्याकडे गेलाही. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि नाकावर घट्ट दाबून ठेवला. तोंडातल्या तोंडात म्हणत राहिले, प्रभू, मला धर. मला धर. दुसरं काही सुचत नव्हतं.

शेवटी तो आतून बाहेर आला आणि बायकोला म्हणाला, "जाऊ दे." मग तिने ऐकलं नाही म्हणून मोठ्याने म्हणाला, "जाऊ दे म्हणलं ना." ती ओट्यावर बसली आणि बाळाला छातीशी धरून हमसून रडायला लागली. मी त्याला म्हटलं, नाशिकला कानाचे चांगले डॉक्टर आहेत, मी बरोबर येईन, सगळं मी बघेन. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, विचार करून सांगतो. मला कोणी बसा म्हटलं नाही. परतीच्या गाडीत माझे दात हलत होते आणि पदराला रक्त लागलं होतं. मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. मार लागल्यावर दुखतं तसं दुखत होतं.

तो दोन महिन्यांनी आला. बायको बरोबर होती. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं, पुढे ऑपरेशन झालं, त्यानंतरही चार-पाच फेऱ्या झाल्या. दवाखान्याच्या बाकावर आम्ही तिघं बसायचो, मध्ये बाळाची पिशवी. बोलणं कामापुरतं. ऐकू बरंच परत आलं, सगळं नाही. शेवटच्या फेरीला त्याच्या बायकोने मला विचारलं, चष्मा सारखा का घालता? मी म्हटलं, डोळ्याला लागलंय. ती म्हणाली, हां. तिला माहीत होतं की नाही, मला कधीच कळलं नाही. ती दोघं माझी कोणी झाली नाहीत. मी माफी मागितली होती, त्यांनी ती दिली असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही.

दादा वर्षभर माझ्याशी बोलला नाही. त्याचं म्हणणं, मी तुमच्यासाठी जीव धोक्यात घातला आणि तुम्ही मलाच खोटं पाडलं. मी त्याला सांगितलं, दादा, मारलं मी, तुम्ही फक्त आणलंत. तेवढ्याने त्याचं समाधान झालं नाही. दगड मारणारा कधीच सापडला नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करायला मला आणखी तीन वर्षं लागली, आणि तीही दात-ओठ खाऊनच. आजही कधी कधी 'त्याचं भलं कर' म्हणताना मूठ वळते. मग मी ती उघडते आणि पुन्हा म्हणते.

डेपोत मला चौकशीच्या खिडकीवर बसवलं. काचेचा डोळा बसला. एका वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात पाळकसाहेबांनी मला मंडळीपुढे साक्ष द्यायला सांगितली. प्रभूने संकटात कसं सावरलं ते बोला, म्हणाले. लोकांना डोळ्याबद्दल ऐकायचं होतं. पहिल्या बाकावरच्या बायकांनी रुमाल काढून तयार ठेवले होते. मी उभी राहिले आणि धोपाटण्याबद्दल बोलले. दुसरा घाव कुठे बसला, तिसऱ्याला नेम कसा धरला, तेव्हा मी देवाचे आभार कसे मानले होते, सगळं. कोणी रडलं नाही. एक म्हातारे गृहस्थ मध्येच उठून बाहेर गेले. उपासना संपल्यावर माझ्याशी हात मिळवायला फार थोडे आले. आई मागच्या बाकावर बसली होती. ती जवळ आली, माझा पदर नीट केला आणि म्हणाली, चल, घरी पाणी येऊन जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळची ड्यूटी होती. येवल्याची गाडी तासभर उशिरा होती आणि एक माणूस खिडकीच्या जाळीवर मुठी आपटत माझ्यावर ओरडत होता. आंधळी आहेस का, म्हणाला, बोर्डावर काय लिहिलंय ते दिसत नाही? मी त्याला सांगितलं, गाडी मनमाड फाट्यावर अडकली आहे, अजून वीस मिनिटं लागतील, तोवर तिथे बाकावर बसा.

तो बसला नाही. उभाच राहिला, शिव्या देत. मी पुढच्याला विचारलं, तुम्हाला कुठे जायचंय?